उन्हातले सेल, सावलीतली बॅटरी

अक्कलकुव्यात आमची पिढी वाढली ती दोन विजांच्या आधाराने. एक तारेतून येणारी, दुसरी घरात साठवलेली. तारेतल्या विजेवर आपलं काही चालत नसे. सातपुड्याकडून आभाळ भरून आलं की आधी ती जायची आणि पाऊस मागून यायचा. साठवलेली वीज मात्र घराची होती. ती किती उरली आहे, आज कुणी वापरायची, उद्यासाठी किती ठेवायची, हे सगळं घरातच ठरायचं. रेडिओतले सेल, टॉर्चमधले सेल, टीव्हीची मोठी बॅटरी आणि पुढे आम्हा मुलांच्या रिमोटच्या गाडीतला छोटा पॅक, या सगळ्यांना घरात दूधदुभत्याइतकंच लक्ष मिळायचं. आम्ही चुलत, आते, मामे भावंडं आता नंदुरबार, नाशिक, सुरत अशी पांगलो आहोत. दिवाळीत जमलो की बोलणं हटकून तिकडे वळतं, कारण त्या बॅटऱ्यांच्या निमित्ताने घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून आम्ही काहीतरी शिकलो.

सुरुवात सेलपासून. मोठे गोल सेल, कुणी एव्हरेडी म्हणायचं, कुणी नोव्हिनो, कुणी निप्पो. बाजाराच्या दिवशी मोलगीकडची, डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं महू, चारोळी, आमचूर घेऊन खाली उतरायची आणि परतताना मीठ, तेल, काडेपेट्या यांच्याबरोबर सेलची जोडी कमरेच्या फडक्यात बांधून न्यायची. गावातल्या घरांतही सेल विकत घेणं हा विचार करून करायचा खर्च होता. म्हणून सेलचा क्रम ठरलेला असे. नवा सेल टॉर्चला, कारण टॉर्चचा बल्ब रेडिओच्या कितीतरी पट वीज ओढतो. उजेड पिवळा पडला की तोच सेल रेडिओत जायचा आणि तिथे अजून बरेच दिवस निघायचे. पेन्सिल सेलचंही तसंच. खेळण्यातल्या मोटारीला तो पुरेनासा झाला तरी भिंतीवरच्या घड्याळाला आणखी काही महिने चालायचा. कोणत्या सेलने कुठवर मजल मारली आहे हे कळावं म्हणून काकू त्याच्या कागदावर पेन्सिलीने खूण करून ठेवायची.

रेडिओचा आवाज बारीक झाला की आजीचा हुकूम यायचा, "सेल उनमा ठेव रे भो." मग ओट्याच्या कडेला सेल ओळीने मांडले जायचे. दुपारभर उन्हात तापले की संध्याकाळी आकाशवाणी जळगाव पुन्हा स्पष्ट ऐकू यायचं. आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं निरीक्षण बरोबर होतं. या सेलची मूळ रचना जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच माणसाने १८६६मध्ये केली. बाहेर जस्ताचं भांडं, मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइड व कार्बनचा काळा मसाला, नवसागराच्या ओलीने भिजवलेला. सेल सतत वापरला की आतली रासायनिक हालचाल मंदावते. विश्रांती दिली की ती थोडी सावरते, आणि ऊब मिळाली की त्या ओलीतून विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांना वाट सोपी होते. झिजलेलं जस्त काही परत येत नाही, त्यामुळे सेल नवा होत नाही. पण जे आत अडकून राहिलं आहे ते उन्हाने बाहेर काढता येतं. आजी तेवढंच काढत होती.

पार संपलेला सेलही लगेच टाकला जात नसे. शाळेचा फळा पांढुरका पडला की गुरुजी वर्गाला जुने सेल आणायला सांगायचे. आतला काळा मसाला पाण्यात कालवून फळ्याला फासला जायचा आणि वाळल्यावर त्यावर खडू पुन्हा उठून दिसायचा. कार्बनची कांडी ज्याच्या हाती लागेल त्याची. तिने ओट्यावर आखलेल्या चौकोनांत आम्ही लंगडी घालायचो.

सेलचा खरा हिशेब व्हायचा तो धनत्रयोदशीच्या आधी. अस्तंब्याची यात्रा निघायची. अक्राणी तालुक्यातलं हे शिखर १,३२५ मीटर उंच, आणि तिथे महाभारतातल्या अश्वत्थाम्याचं ठाणं आहे ही इकडची श्रद्धा. तळोद्याकडून जथे निघायचे, रात्रीची चढण असायची, पायवाट दगडगोट्यांची. दोन्ही काका जायचे तेव्हा टॉर्चमध्ये कोरे सेल घातले जायचे आणि आणखी एक जोडी प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत. एरवी सेल पुरवून वापरायला सांगणारी आजी त्या दिवशी स्वतः नवे सेल काढून द्यायची. काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, हे तिने असं न बोलता शिकवलं.

मग टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग मोठी बॅटरी. चौदा इंची कृष्णधवल टीव्हीच्या पाठीमागे बारा व्होल्टची वेगळी जागा असायची. लाइट नसली तरी गाडीच्या बॅटरीला चिमटे लावून टीव्ही चालायचा. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि रविवारची सकाळ ही गल्लीतल्या सगळ्यांची झाली. त्या दिवशी लाइट राहीलच याची खात्री कुणी द्यावी? म्हणून आमच्या आबांनी ट्रॅक्टरवरून उतरवलेली एक जुनी बॅटरी घेतली. ती आठवडाभर कोपऱ्यात झाकून ठेवलेली असायची. शनिवारच्या रात्री कुणी हट्ट केला तरी चिमटे लागायचे नाहीत. रविवारी सकाळी लाइट गेली की ओसरी भरलेली, एक मुलगा अँटेनाच्या बांबूपाशी उभा आणि आबा बॅटरीजवळ बसलेले. चित्र कडांनी आक्रसू लागलं, पडद्याच्या चारही बाजूंना काळी पट्टी दिसू लागली की व्होल्टेज घसरलं हे ते ओळखायचे. त्याक्षणी टीव्ही बंद. रावणाचा बाण हवेत असला तरी बंद. "आज पूर्ण पिळून काढली तर पुढच्या रविवारी ती उभी राहणार नाही," एवढंच ते म्हणायचे, आणि गल्लीतलं कुणी वाद घालत नसे.

आबांचं म्हणणं शिशाच्या बॅटरीला तंतोतंत लागू होतं. १८५९मध्ये गास्तों प्लांते याने बनवलेली ही बॅटरी आजही त्याच तत्त्वावर चालते. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल. वीज देताना पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसतो, चार्ज करताना तो विरघळून जातो. पण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली तर तो थर कडक स्फटिकांत बदलतो आणि मग कितीही चार्ज केली तरी सुटत नाही. म्हणून शिशाच्या बॅटरीला तळ दाखवायचा नसतो, आणि उतरली की त्याच दिवशी चार्जिंगला न्यायची असते.

चार्जिंगचं दुकान अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी. सायकलच्या कॅरिअरवर गोणपाट टाकून, वर बॅटरी दोरीने आवळून बांधायची आणि ती कलंडू नये म्हणून एकाने मागून धरून चालायचं. दुकानात ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, टीव्हीच्या बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या असायच्या. बुचं उघडी, आत बारीक बुडबुडे आणि नाकाला झोंबणारा वास. तिथला कारागीर रबरी फुग्याची काचेची नळी आत बुडवून ॲसिड ओढायचा आणि आतला तरंगता काटा कुठवर वर येतो ते बघायचा. "बाराशे पन्नास" म्हणाला की बॅटरी भरत आली. अकराशेच्या घरात असेल तर अजून रात्रभर बसू द्या. पाण्याच्या तुलनेत ॲसिड किती जड आहे, हे ते माप. भरलेल्या बॅटरीत ॲसिड घट्ट, उतरलेलीत पातळ. सहाही खान्यांत काटा सारखा आला तर बॅटरी निरोगी, एकाच खान्यात तो खाली राहिला तर तिथे दुखणं आहे. आम्हाला घनता हा धडा शाळेत शिकवला गेला त्याच्या आधीच तो तिथे दिसला होता.

घाई असलेल्यांना कारागीर जोरात चार्ज करून द्यायचा, पण आबा कधी घाई करत नसत. चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर चार अँपिअरने भरायची, म्हणजे तिच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाने, हा त्यांचा दंडक. घरी आणल्यावर पट्ट्या बुडतील इतपत डिस्टिल वॉटर, नळाचं पाणी कधीच नाही, कारण त्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा जमला की गरम पाण्याने धुऊन, कोरडं पुसून व्हॅसलीनचा हात. बॅटरी भरत असताना जवळ चूल नाही, विडी नाही, कारण तिच्यातून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेट घेतो. आणि कारागिराने आम्हाला बजावून सांगितलेली गोष्ट, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हे सगळं कधी केलं त्याची नोंद कालनिर्णयच्या चौकटीत व्हायची. दूध नाही आलं त्या दिवशी फुली, सिलिंडर लावला त्या दिवशी गोल, आणि बॅटरी चार्ज केली त्या दिवशी 'बॅ'. वर्ष संपलं की जुनं कालनिर्णय खिळ्यावरून काढून आबा ती अक्षरं मोजायचे. दोन नोंदींमधलं अंतर कमी कमी होत गेलं असेल तर बॅटरी म्हातारी झाली.

आमच्या रिमोटच्या गाडीचा काळ यानंतरचा. तोवर सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून येणाऱ्या गाड्या तारेच्या रिमोटच्या असायच्या. गाडीच्या मागे तार धरून आपणही पळायचं. १९९८च्या १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार हा वेगळा जिल्हा झाला, आणि त्याच सुमारास सुरतेच्या मामांनी दिवाळीला बिनतारेची गाडी आणली. लाल रंग, पुढे अँटेनाची लवचीक काडी, आणि पोटात प्लास्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेल्या चार पेन्सिल सेलचा, दोन तारा व पांढऱ्या टोपीचा पॅक. त्यावर लिहिलेलं ४.८ व्होल्ट, ७०० मिलीअँपिअर-तास. गल्लीत दुसऱ्या एका घरी तशीच गाडी आली आणि एकाच्या रिमोटवर दोन्ही गाड्या वळू लागल्या, कारण दोन्ही २७ मेगाहर्ट्झवर होत्या. मग पाळ्या ठरल्या. अशा गाड्यांचा इतिहास तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हता. १९६६मध्ये इटलीतल्या एल-जी नावाच्या कंपनीने रेडिओवर चालणारी पहिली मोटार विकायला आणली, ती इंधनावर धावायची. पुढे १९७६मध्ये जपानच्या तामियाने बॅटरीवरची पोर्शे ९३४ काढली आणि हा छंद जगभर पसरला. पुन्हा पुन्हा चार्ज होणारे छोटे सेल नसते तर ही गाडी मुलांच्या हातात आलीच नसती.

आमच्या पॅकमधले सेल निकेल-कॅडमियमचे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनेरने १८९९मध्ये शोधलेले. मोटार पळताना दोन अँपिअरच्या आसपास ओढायची, त्यामुळे सगळा खेळ वीसेक मिनिटांत आटपायचा आणि मग चार-पाच तास चार्जिंग. चार्जरवर लाल दिवा होता, पण तो फक्त वीज जाते आहे एवढंच सांगायचा. भरली की आपोआप थांबण्याची सोय त्यात नव्हती. म्हणजे घड्याळाकडे बघणं आलं. मध्येच लाइट जायची, मग किती वेळ भरला आणि किती बाकी याचा हिशेब लागायचा. आबांच्या सवयीने हा हिशेबही कालनिर्णयवर चढला. 'बॅ'च्या शेजारी 'गा' हे अक्षर आणि तास.

त्या पॅकवरून घरात जो वाद झाला तो अजूनही आम्हा सगळ्यांना पाठ आहे. आबा म्हणाले, "गाडी मंद व्हायच्या आधीच काढा आणि चार्जिंगला लावा, तळ दाखवू नका." नंदुरबारला आयटीआय करणारा मोठा दादा म्हणाला, "आबा, हा निकेल-कॅडमियमचा आहे. अर्धाच वापरून पुन:पुन्हा भरला तर तो अर्ध्याचीच सवय लावून घेतो. पूर्ण उतरू द्या." आणि आजीने दोघांचं ऐकून पॅक ओट्यावर उन्हात नेऊन ठेवला.

शेवटी गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे सगळे गेलो. त्यांनी तिघांचंही म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि ज्याचं त्याला त्याच्या बॅटरीपुरतं बरोबर ठरवलं. आबांचा नियम शिशाचा. दादाचा निकेल-कॅडमियमचा. आजीचा साध्या सेलचा. या पॅकला ऊन नको, कारण भरून घेणाऱ्या सेलला उष्णता झिजवते. त्याला अधूनमधून पूर्ण उतरू द्यावं, पण गाडी मंदावली की थांबावं, त्यापुढे तिला ढकलत नेऊ नये. चार सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला दुबळा आधी रिकामा होतो आणि उरलेले तिघे त्याच्यातून उलट्या दिशेने वीज रेटतात. असा उलटा भरलेला सेल लवकर मरतो. पळून आलेला पॅक हाताला गरम लागतो, तो निवल्याशिवाय चार्जिंगला लावायचा नाही. आणि भरताना मधूनमधून हात लावून बघायचा. जोवर वीज आत मुरते आहे तोवर तो फारसा तापत नाही. भरून झाल्यावर येणाऱ्या विजेचं उष्णतेत रूपांतर होऊ लागतं. कोमट लागला की चिमटा काढा, घड्याळ काहीही म्हणो.

पुढे त्या पॅकची गाडी दोन मिनिटांत थांबू लागली तेव्हाही ते दुरुस्तीवालेच उपयोगी पडले. त्यांनी वेष्टन कापलं, मीटरचे काटे एकेका सेलला लावले. तीन सेल सव्वा व्होल्टच्या जवळ, एक शून्यावर. त्या एकासाठी पॅक टाकायचा नव्हता. त्यांनी नवा सेल घेतला, त्याची टोकं पॉलिश पेपरने घासली आणि कथलाचा डाग झटकन दिला, कारण सोल्डरगन फार वेळ टेकवली तर आतलं सील जळतं. मग तो पॅक सत्तर मिलीअँपिअरवर, म्हणजे पुन्हा दहाव्या हिश्शाने, रात्रभर ठेवला, चारही सेल एका पातळीवर यावेत म्हणून. आबा ते बघत उभे होते. दहावा हिस्सा हे शब्द ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं ते आम्ही विसरलेलो नाही. बॅटरी बदलली तरी त्यांची एक गोष्ट टिकली होती.

हा सगळा जिव्हाळा गावातल्या घरांपुरता नव्हता. डोंगरात तर साठवलेल्या विजेशिवाय दुसरी वीजच नव्हती. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांनी सरदार सरोवराचं पाणी घरात शिरताना पाहिलं. आमच्या तालुक्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं त्या पाण्याखाली जाणारं पहिलं गाव. त्या धरणाची वीजनिर्मितीची क्षमता १,४५० मेगावॉट आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, पण काठावरच्या पाड्यांवर कित्येक वर्षं तार पोचली नाही. तिथे सौर कंदील आले. दिवसा छोट्या पट्टीवर ऊन झेलायचं आणि आतल्या लहानशा शिशाच्या बॅटरीत रात्रीसाठी ठेवायचं. बिलगावात तर लोकांनी श्रमदान करून उदई नदीच्या धारेवर १५ किलोवॉटचा प्रकल्प उभारला आणि जानेवारी २००३मध्ये स्वतःचे दिवे लावले. २००६च्या पावसाळ्यात तो बुडाला. ज्या मुलांनी तो उजेड पाहिला त्यांच्याही आठवणीत, आमच्यासारखीच, विजेला निर्माण करणारी आणि जपणारी माणसं आहेत. वीज म्हणजे फक्त भिंतीवरचं बटण असं त्या मुलांना कुणी पटवू शकणार नाही.

२००५नंतरची भारनियमनाची वर्षं आली तेव्हा आमच्या पिढीची लग्नं होत होती. ग्रामीण भागात अर्धा अर्धा दिवस लाइट नसे. घरोघर इन्व्हर्टर आले आणि त्यांच्याखाली दीडशे अँपिअर-तासाच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या. आबा तोवर थकले होते, पण शेजारपाजारचे बॅटरी बघायला त्यांनाच बोलवायचे. खुर्चीत बसून ते सांगायचे, आमच्यापैकी कुणीतरी बुचं काढायचं, पाणी बघायचं, टर्मिनल धुवायचं. उन्हाळ्यात पाणी लवकर आटतं म्हणून मार्च ते जून दर महिन्याला बुचं उघडायची, हे त्यांनी घराघरांत बसवून दिलं. त्याच दिवसांत मोबाइल आले, आणि सकाळी लाइट आहे तोवर कुणाचा फोन आधी लावायचा यावरून नव्या सुनांनी आणि जुन्या नणंदांनी पाळ्या ठरवल्या.

आता पुतण्याकडे रिमोटची गाडी आहे. आमच्या लाल गाडीशी तिची तुलना होणार नाही. ती शेतातल्या बांधावरून उडी मारते आणि ढेकळांतून धावते. तिच्यात लिथियम-पॉलिमरचा पॅक आहे, दोन सेलचा, ७.४ व्होल्टचा. १९९१मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच कुळातला हा पॅक. आमच्या पॅकच्या कितीतरी पट वीज तळहाताएवढ्या जागेत मावते, आणि म्हणून त्याची शिस्तही कडक आहे.

पुतण्याने ती आम्हाला समजावून सांगितली तेव्हा आम्ही सगळे लक्ष देऊन ऐकत होतो. एक सेल ४.२ व्होल्टला भरला, त्याच्या वर रेसभरही नाही. ३ व्होल्टच्या खाली गेला तर कायमचा दुखावतो, म्हणून गाडी साडेतीनच्या आसपासच थांबवायची. या बॅटरीला निकेल-कॅडमियमसारखी सवय लागत नाही, तेव्हा मुद्दाम पूर्ण उतरवायचं कारणच नाही. आठवडाभर खेळायचं नसेल तर भरलेली ठेवायची नाही आणि रिकामीही नाही. सेलमागे ३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्म्याच्या आसपास ठेवून द्यायची. चार्ज करताना जाड तारांबरोबर पांढरी बारीक टोपीही जोडायची, तिच्यातून चार्जर प्रत्येक सेल वेगळा मोजतो आणि सगळ्यांना सारखं भरतो. २,२०० मिलीअँपिअर-तासाचा पॅक असेल तर २.२ अँपिअर, त्याहून जास्त नाही. चार्जिंग फरशीवर, जवळ माणूस जागं असताना, गादी किंवा लाकडी कपाटाजवळ नाही. पॅक फुगला, वेष्टनाला टोचा बसला, की त्याचा संसार संपला. त्याला टोचून बघायचं नाही, त्यात पुन्हा वीज भरायची नाही.

आणि सगळ्यात मोठी काळजी उन्हाची. अक्कलकुव्याचा एप्रिल-मे चाळिशी ओलांडतो. पत्र्याखालची खोली दुपारी भट्टीसारखी होते. अशा खोलीत लिथियमचा पॅक ठेवला तर न वापरताच म्हातारा होतो, आणि तापलेला असताना चार्जिंगला लावला तर आग लागण्याची भीती असते. म्हणून आमच्या जुन्या घरात आता पॅक मधल्या अंधाऱ्या खोलीत, धान्याच्या कोठीजवळच्या थंड कोनाड्यात, पत्र्याच्या डब्यात असतो. उन्हाळ्यात त्याचं चार्जिंग सूर्य मावळल्यावरच. आजीने सेल उन्हात ठेवले, तिचा पणतू पॅक सावलीत ठेवतो, आणि दोघांनीही आपापल्या बॅटरीचं ऐकलं.

हेच आम्हा भावंडांना या सगळ्यातून सांगायचं आहे. घरात एका पिढीचा नियम दुसऱ्या पिढीला जसाच्या तसा कधी लागू पडला नाही. उन्हात ठेवा, तळ दाखवू नका, पूर्ण उतरवा, निम्म्यावर ठेवा. चारही नियम खरे, प्रत्येकाची बॅटरी वेगळी. जे नियम सोडता आले नाहीत त्यांनी बॅटऱ्या मारल्या. पण नियमांच्या खाली जे होतं ते चारही पिढ्यांत तेच राहिलं. हातात आहे ती वस्तू कशाची बनली आहे ते विचारून घेणं, तिला हात लावून ती तापली का बघणं, तारीख लिहून ठेवणं, तिची ताकद संपायच्या आधी थांबणं आणि भरल्यावरही थांबणं. आजच्या चार्जरला हे बरंचसं स्वतःला येतं. तरी फुगलेला पॅक ओळखायला माणसाचे डोळे लागतात आणि तो वेळेवर बाजूला काढायला माणसाचा निर्णय लागतो.

एका गोष्टीत मात्र आपलं गाव अजून मागे आहे, आणि ती सुधारणं आमच्या पिढीचं काम आहे. शिशाची जुनी बॅटरी कुणी टाकत नाही, कारण तिला भाव आहे. २००१च्या नियमांनी ती विक्रेत्याकडे परत द्यायची पद्धतही घातली. छोट्या पॅकला भाव नाही, म्हणून तो खेळण्याबरोबर कचऱ्यात जातो, कचरा पेटवला जातो आणि कॅडमियमसारखं विष धुरात आणि मातीत मिसळतं. २०२२च्या नव्या नियमांत लहानमोठ्या सगळ्या बॅटऱ्या आल्या आहेत आणि त्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण पॅक तिथवर पोचायला आधी तो घरात वेगळा ठेवावा लागतो. आमच्या घरांनी आता त्यासाठी झाकणाचा डबा ठेवला आहे. मेलेला पॅक आला की त्याच्या तारांच्या टोकांना चिकटपट्टी, आणि सुरत-नाशिकला जाणाऱ्याच्या हाती बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात तो रवाना. शाळांनी असे डबे ठेवले तर मोलगीच्या बाजारातून वर गेलेले सेलही त्याच वाटेने खाली येतील, कारण मुलंच ते आणतील. फळ्यासाठी जुने सेल आणायला सांगितलं तेव्हा आम्ही गावभर फिरून पिशवी भरून नेलीच होती. आजच्या मुलांना विचारून तर बघा, तीही आणतील.

आणि या दिवाळीला कुणी घरात रिमोटची गाडी आणणार असेल, तर गाडीबरोबर एक साधा मीटरही आणा. मुलाला पॅकचे दोन आकडे मोजून दाखवा, खेळायच्या आधीचा आणि नंतरचा, आणि ते वहीत लिहायला लावा. महिनाभरात त्या आकड्यांवरून तो स्वतःच सांगू लागेल की पॅक थकला आहे की धडधाकट आहे. त्या दिवसापासून घरातली बॅटरी बघणारं माणूस तो.